विहीणबाईंना दाखवलेली मशीद

आसिस्क्लो लुकेने उभी हयात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या शहर बसवर काढली, आणि उभी हयात लोकांना मशीद बाहेरून दाखवली. पुलाच्या तोंडाशी लाल दिवा लागला, की मागे बसलेल्या परदेशी पाहुण्यांकडे मान वळवून तो म्हणायचा, "ही आमची मशीद. आत खांबांचं जंगल आहे नुसतं. एकेक खांब मी ओळखतो." तेवढ्यात दिवा हिरवा व्हायचा आणि पुढच्या प्रश्नांतून सुटका व्हायची. निवृत्तीनंतर बस सुटली, बोलणं काही सुटलं नाही. सान बासिलिओ आळीतल्या गुत्त्यात वाइनचा पेला पुढ्यात घेऊन तो खलिफा, बिशप, राजे-राण्या यांच्याविषयी असं बोलायचा, की जणू ही सगळी मंडळी त्याच्याच बसने जा-ये करत होती.

खरी गोष्ट अशी, की तो मशिदीत शेवटचा गेला होता तो लहानपणी, तिच्या पोटातल्या चर्चमध्ये, ख्रिस्ती दीक्षा पक्की करण्याच्या म्हणजे दृढीकरणाच्या विधीला. बिशपने रिवाजाप्रमाणे गालावर चापट मारली, आणि ती जोरात बसेल या भीतीने आसिस्क्लोने डोळे मिटले होते ते बाहेर येईपर्यंत. त्यानंतर जायचं राहूनच गेलं. वसंतात अंगणातल्या कुंड्यांची कामं, उन्हाळ्यात दगड तापलेले, हिवाळ्यात सर्दी. शिवाय मशीद काय पळून चालली होती? अख्ख्या आळीचं हेच होतं, फक्त आळीतले बाकीचे लोक गप्प बसायचे.

मग आरासेलीचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा ग्रानादाचा. आता लग्न मुलीकडच्या चर्चमध्ये व्हायचं, ही साऱ्या स्पेनची रीत. पण मुलाच्या आईने, आंगुस्तियासबाईंनी, फोनवर जाहीर करून टाकलं की लग्न ग्रानादाला होईल. त्यांच्या गच्चीसमोरच अल्हाम्ब्राचा राजवाडा आहे, फोटो चांगले येतील.

आसिस्क्लोच्या बायकोने, फुएनसांताने, फोन ठेवला आणि सगळ्या कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं. भिंतभर जिरेनियम, विहिरीच्या काठाला जाई, आणि त्यातून पांढऱ्या पोशाखातली आरासेली दाराबाहेर पडतेय, हे चित्र तिने मुलगी जन्मली तेव्हापासून मनात जपलं होतं. ते चित्र आता कुणाच्या तरी गच्चीवरच्या फोटोपायी पुसलं जाणार होतं.

"रविवारी त्यांना जेवायला बोलावलंय," ती म्हणाली. "जेवण माझ्याकडे, शहर तुझ्याकडे. असं दाखव, की विहीणबाईंच्या तोंडूनच निघालं पाहिजे, लग्न इथेच. नाहीतर पोरगी तिकडून परस्पर जाईल आणि आपण पाहुण्यांसारखे बाकावर बसू."

"त्यात काय," आसिस्क्लो म्हणाला. "मशीद दाखवतो. चीत होतील."

म्हणाला खरा, पण दाखवणार काय? माहितीचं पुस्तक घ्यावं, तर कोपऱ्यावरचा दुकानदार गुत्त्यातला दोस्त. त्याच्यासमोर ते पुस्तक मागायचं म्हणजे आपल्याच हाताने आपलं नाक कापून घेणं होतं.

रविवारी सकाळी व्याही-विहीण आले. सेसिलिओ व्याही निवृत्त औषधविक्रेते, गळ्यात कॅमेरा, स्वभावाने गाय. आंगुस्तियासबाई टाचांचे बूट घालून, हातात पंखा घेऊन आल्या होत्या आणि काही आवडून घ्यायचं नाही असं ठरवून आल्या होत्या. मशिदीसमोरच्या नारिंगांच्या अंगणात त्यांनी कारंज्याकडे पाहिलं. "पाणी आमच्याकडे जास्त," त्या म्हणाल्या. मग घंटांच्या मनोऱ्याकडे पाहिलं. "एकच? अल्हाम्ब्रात मनोरे बघता बघता मान अवघडते माणसाची."

"हा आधी बांग देण्याचा होता," आसिस्क्लो म्हणाला. "नंतर ख्रिस्ती झाला."

"कधी झाला?" व्याह्यांनी भाबडेपणाने विचारलं.

"झाला बरीच वर्षं झाली."

दाराशी खरी अडचण उभी राहिली. कोर्दोबाच्या माणसाला आत फुकट, परगावच्याला तिकीट. आता आपल्या घरी आलेल्या व्याह्याने तिकीट काढायचं? आणि आपण त्यांच्यासाठी काढायचं म्हटलं, तर आपल्याच मशिदीचं तिकीट काढणारा माणूस म्हणून रांगेत उभं राहायचं? दोन्ही गोष्टी आसिस्क्लोच्या गळी उतरेनात. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येणाऱ्याला मात्र तिकीट पडत नाही. त्याने मग कोर्दोबाचा माणूस करतो तेच केलं. छाती पुढे काढून रखवालदाराला म्हणाला, "मिस्सेला आलोय आम्ही." मशिदीच्या पोटात चर्च बांधल्याला शतकं लोटली, तरी या गावात कुणी 'कॅथीड्रलला जातो' म्हणत नाही. मशिदीतच मिस्सेला जातात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

रखवालदार तरुण आणि नियमाचा पक्का निघाला. "मिस्सेवाले इकडून. सरळ जाऊन बसायचं. इकडेतिकडे फिरायचं नाही."

रविवारची मोठी मिस्सा होती. गायकवृंद, ऑर्गन, धूप, आणि घाई नसलेले वृद्ध पुरोहित. फुएनसांता बरोबर असती तर तिने वेळ तरी निभावून नेली असती, पण ती घरी रस्सा ढवळत होती. सगळीकडे पांढरं नक्षीकाम, सोनेरी देवदूत. ज्या अरबांच्या कमानी बघायला पाहुणे ग्रानादाहून आले, त्या खांबांच्या फटीतून जेमतेम दिसत होत्या, पदराआडून डोकावणाऱ्या मुलांसारख्या. सेसिलिओंची मान तिकडे वळली, की आंगुस्तियासबाई कोपर मारून ती सरळ करायच्या.

"व्याही," सेसिलिओ कुजबुजले, "अरबांचं काय बघायचंय, ते कधी?"

"ते शेवटी," आसिस्क्लो म्हणाला. "उत्तम ते शेवटी ठेवतात."

मिस्सा संपली आणि रखवालदार लोकांना दाराकडे हाकू लागले. असेच बाहेर पडलो तर बाई म्हणणार, मशीद बघायला गेलो आणि पाद्री बघून आलो. मग लग्न गेलं ग्रानादाला. त्याने डोळ्यांनी खूण केली आणि पाहुण्यांना घेऊन एका जाड खांबाआड सटकला.

आणि तिथे त्याचा निकाल लागला. खांब, वर लाल-पांढरी कमान, पलीकडे खांब, वर लाल-पांढरी कमान. डावीकडे बघावं तर तेच, उजवीकडे बघावं तर तेच. मिहराब म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा, तो सोन्याचा आहे, एवढं त्याला माहीत होतं. कुठे आहे ते माहीत नव्हतं.

"हा फार जुना खांब," तो वेळ काढायला म्हणाला.

"आणि तो?" सेसिलिओंनी फोटो काढत विचारलं.

"तोही जुनाच."

चालत राहिले. नाक तुटलेल्या एका संताच्या मूर्तीसमोर आले. वळून आणखी चालले, पुन्हा तोच संत. आणखी एकदा वळले.

"व्याही," आंगुस्तियासबाई पंखा मिटून म्हणाल्या, "या संताची आता चांगली ओळख झाली. जेवायला बोलावू या का त्याला?"

एवढ्यात तो तरुण रखवालदार समोर येऊन ठाकला. "मिस्सा संपली. काय शोधताय?"

"मिहराब," आसिस्क्लो पुटपुटला.

"तो अगदी उलट टोकाला. कुठून आलात तुम्ही?"

"सान बासिलिओहून." ही आळी मशिदीपासून हाकेच्या अंतरावर. रखवालदाराने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही बसवाले ना? शाळेत जाताना रोज तुमचंच ऐकायचो. एकेक खांब ओळखतो म्हणायचात."

आसिस्क्लोला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. फुएनसांताचं चित्र, आरासेलीचा पोशाख, सगळं त्याने एका थापेवर टांगलं होतं. "खोटं बोलायचो," तो म्हणाला. "लहानपणी एकदा आलो होतो. तेव्हाही डोळे मिटलेले होते."

रखवालदाराला दया आली असावी. "चला," तो म्हणाला, "पटकन बघून घ्या."

मिहराबापुढच्या कठड्याशी ते उभे राहिले. सोन्याच्या आणि निळ्या बारीक काचांची वेलबुट्टी, त्यात गुंफलेली अक्षरं, वर शिंपल्यासारखा घुमट. हे सगळं आपल्या घराशेजारी होतं आणि आपण आयुष्यभर लाल दिव्याला थांबून लोकांना त्याच्या थापा ऐकवल्या, याचं आसिस्क्लोला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. सेसिलिओ कॅमेरा घेऊन पलीकडे गेले होते.

आंगुस्तियासबाई जवळ सरकल्या. "डोळे पुसा," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही निदान एकदा तरी आत आला होतात. मी अल्हाम्ब्रात पाऊल टाकलेलं नाही."

आसिस्क्लोने रुमाल काढता काढता त्यांच्याकडे मान वळवली.

"रोज समोर दिसतो हो. कपडे वाळत घालताना दिसतो, भाजी निवडताना दिसतो. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं. आणि यांना मी लग्नाआधी सांगून ठेवलं होतं, की मी तिथल्या बागांत खेळून मोठी झाले. आता कुठल्या तोंडाने जायचं? दारातच विचारीन, आत कसं जायचं म्हणून." त्यांनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. "यांना बोलाल तर बघा."

"मी बसवाला," आसिस्क्लो म्हणाला. "चालवताना बोलत नाही."

"ते आत्ताच कळलं," बाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

जेवणाला टोमॅटो-पावाचं थंडगार, घट्ट साल्मोरेखो होतं आणि मागून बैलाच्या शेपटीचा रस्सा. फुएनसांताने सगळ्यांची ताटं भरली, स्वतःचं मात्र रिकामंच ठेवलं. आंगुस्तियासबाईंनी भिंतीवरची जिरेनियमं वरपासून खालपर्यंत पाहिली, चमचा चाटला आणि म्हणाल्या, "लग्न इथेच करा. मुलगी आपल्या अंगणातून निघालेली बरी."

"अगं, पण गच्ची? फोटो?" सेसिलिओ गोंधळले.

"गच्चीवर वारा असतो. आणि तिकडे लग्न म्हणजे मुलीकडची सगळी मंडळी आदल्या दिवशी येणार, त्यांचं फिरणं-बिरणं कोण बघणार?"

फुएनसांताने उठून विहीणबाईंचे दोन्ही गाल चुंबले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला ती मोठमोठ्याने बोलू लागली. "मग ठरलं. पण उसनं ठेवायचं नाही हं, विहीणबाई. पुढच्या रविवारी आम्ही तिकडे येतो. तुमच्याइतका अल्हाम्ब्रा कोण दाखवणार आम्हाला?"

आंगुस्तियासबाईंचा चमचा तोंडाशीच थांबला. त्यांनी आसिस्क्लोकडे पाहिलं.

सगळ्या आळीत कधीही न दमणारा म्हणून मिरवलेला आसिस्क्लो खुर्चीत खाली सरकला आणि गुडघ्यावर हात ठेवून कण्हला. "मला नाही जमायचं. तिकडे चढ फार. गुडघे गेले माझे."

"गुडघे?" फुएनसांता त्याच्यावर उखडली. "काल शिडीवर चढून गाणी म्हणत होतास."

"ते काल," आसिस्क्लो म्हणाला. "आज मिस्सेत फार वेळ टेकले."