बाईंना पाय लागला

लाल निशाण माझ्या हातात देताना मुख्य पंचांनी बजावलं, "मॅडम, एकदा वर गेलं की खाली घ्यायचं नाही. आणि ती गळ्यातली शिट्टी काढून ठेवा, इथे शिट्टीचं काम नाही."

अर्धं आयुष्य खो-खोच्या मैदानावर पंचगिरी केलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवणं. पण पोरगा तरुण होता, टीशर्टवर 'मुख्य पंच' असं छापलेलं होतं आणि खेळ त्याचा होता, म्हणून मी मान डोलावली. शिट्टी मात्र काढली नाही, कुडत्याच्या आत सरकवली. कर्जतच्या शाळेत मी खेळ शिकवते. मैदानावर मला दयामाया नाही अशी माझी ख्याती आहे. नणंदेच्या मुलीला मी एकदा ऐन फायनलमध्ये फाऊल दिलं होतं, तेव्हापासून नणंद माझ्याशी तोंडदेखलंच बोलते.

मुलांच्या निंजा स्पर्धेला पंच हवेत, असा निरोप शाळेत आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "तोंडाला फडकं बांधून जायचंय का?" त्याला एवढंच ठाऊक. मी भाकऱ्या थापता थापता नियम पाठ केले. जमिनीला किंवा खालच्या गादीला अंग लागलं की बाद. एखादा अडथळा गाळला तरी बाद. बाहेरच्या कुणाचा आधार घेतला तर बाद. शेवटच्या वाकड्या भिंतीला तीन प्रयत्न, आणि भिंतीवरचं बटण दाबून भोंगा वाजवला तरच शर्यत पुरी. भोंगा वाजवणाऱ्यांत ज्याला वेळ कमी लागला तो वर. मला हे नियम एकदम पसंत पडले. खो-खोत निम्मा वेळ हुज्जतीत जातो. इथे गादीला पाय टेकला की विषय संपला, असं मला वाटलं होतं.

भिसेगावातून स्कूटर काढली आणि सकाळीच खालापूरच्या बाजूच्या त्या मैदानावर पोचले. हवेत गारवा होता, डोंगरावर अजून धुकं होतं, आणि मधोमध लोखंडी पाइपांचा हा एवढा मोठा सांगाडा उभा. तिरक्या फळ्या, डगमगता ओंडका, टांगत्या कड्या, जाळी आणि शेवटी ती वाकडी भिंत. पोरं नुसती उसळत होती. कुणी बोटांना खडूची पूड फासतंय, कुणी उगाच उड्या मारतंय. माझ्याच पायांना खाज सुटली. वय आडवं आलं नसतं तर मीही रांगेत उभी राहिले असते, खोटं कशाला बोलू!

माझी नेमणूक कड्यांपाशी होती. एका कडीवरून झोका घेऊन पुढची पकडायची, आणि पाय अधांतरी. निम्मी मुलं इथेच गळत होती. प्रत्येक वेळी माझं निशाण वर, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी आई माझ्याकडे डोळे वटारून बघणार. मला त्याची सवय आहे.

बारा वर्षांखालच्या मुलींचा गट सुरू झाला. त्यातल्या पहिल्या दोघी पुण्याच्या मोठ्या फेरीला जाणार होत्या. एक खोपोलीची मुलगी वाऱ्यासारखी गेली आणि पहिली आली. दुसरी होती पनवेलची, निळ्या बुटांची. तिचा बाप मोबाईल उंच धरून सगळ्या शर्यतींचं चित्रण करत होता. आता फक्त एक मुलगी राहिली होती.

तेवढ्यात दोरीपलीकडून एक माणूस मला म्हणाला, "बाई, कड्यांवर तुमीच हाय का?"

"हो. का?"

"माझी पोर येतेय. भिवपुरीकडची आमी. गेल्या वर्साला हितंच पडली ती. यंदा नाय झालं तर संपलं, पुढल्या साली वय बसत नाय तिचं."

"दादा, पंचांशी बोलायचं नसतं."

"बोलत नाय वो, नुस्तं सांगतो. माझा भाजीचा टेंपो हाय. माल उतरला का ही टेंपोच्या वरच्या लोखंडी कमानींना लोंबते. वरीसभर लोंबते हाय."

"दोरीच्या मागे व्हा," मी म्हटलं. तो मागे झाला, पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

पोरगी आली. किडकिडीत, दोन वेण्या डोक्याभोवती घट्ट बांधलेल्या. फळ्या तिने अशा ओलांडल्या की बघतच राहावं. ओंडक्यावर जराशी डगमगली, सावरली आणि पहिल्या कडीला हात घातला. आता माझी एक खोड सांगते. खो-खोत पंचाला खेळाडूबरोबर पळावं लागतं. तीच सवय पायांत. ती पुढे सरकू लागली तशी मीही तिच्या बाजूने सरकत गेले, आणि कधी दोरीच्या आत गेले ते मला कळलंच नाही. पोरीने पुढच्या कडीसाठी जोरात झोका घेतला आणि तिचा पाय फाडकन माझ्या खांद्यावर बसला.

आणि मग ती थांबली. एका हाताने कडीला लोंबकळत तिने दुसरा हात सोडला, खाली आणून माझ्या खांद्याला लावला, मग स्वतःच्या छातीला लावला, आणि पुन्हा वरची कडी पकडली. शर्यत चालू, घड्याळ चालू, बोटं सुटायला आलेली, आणि ही मला नमस्कार करत होती!

माझा निशाणाचा हात अर्धा वर गेला होता. तिने पंचाला हात लावला होता. पण तिच्या बोटांचा भार माझ्या खांद्यावर पाखराएवढासुद्धा पडला नव्हता. आधार घेणारा माणूस कसा दाबतो ते मला माहीत आहे. मी हात खाली घेतला.

ती कड्या संपवून जाळीतून सरपटत गेली. भिंतीवर पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा घसरली. तिचा बाप दोरीपाशी उकिडवा बसला होता, त्याला बघवत नव्हतं. तिसऱ्यांदा ती लांबून धावत आली, कडेला बोटं अडकली, अंग वर गेलं आणि भोंगा वाजला. मी टुणकन उडी मारली. घड्याळावर तिची वेळ पनवेलच्या मुलीपेक्षा कमी होती.

लगेच पनवेलचे गृहस्थ मोबाईल नाचवत मैदानात आले. "हरकत आहे माझी! हे बघा, हात पंचांच्या खांद्यावर! बाहेरच्याचा आधार! आणि यांचं निशाण वर जाऊन खाली आलंय!"

"अर्ध्यावर गेलं होतं," मी म्हटलं. "आणि तो आधार नव्हता, नमस्कार होता. तिचा पाय लागला मला."

"नियमात नमस्कार आहे कुठे?"

"नियमात 'हात लावला तर बाद' असंही कुठे नाही. 'आधार' लिहिलंय. मराठी येतं ना तुम्हाला?"

"मॅडम, प्लीज," मुख्य पंच म्हणाला. त्याने मोबाईलवर ते चित्रण पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याच्या कपाळावर आठ्या आल्या. बाहेरून बघणाऱ्याला तो आधारच दिसत होता. माझ्या खांद्याला काय जाणवलं याचं चित्रण कुणाकडे नव्हतं. त्याने पोरीला बोलावलं. "तू यांना हात का लावलास?"

पोरगी रडकुंडीला आली होती. "बाईंना पाय लागला ना," ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. तिचा बाप मागे उभा राहून खांद्यावरचा टॉवेल पिळत होता, एक शब्द बोलत नव्हता. मी गप्प राहायला सांगितलं म्हणून हा बिचारा गप्प, या विचाराने मला माझाच राग आला.

"मी सांगतो ना!" पनवेलचे गृहस्थ म्हणाले. "हे इथे बघा, हात किती वेळ टेकलाय." मुख्य पंचाला पडदा दाखवायला ते तरातरा पुढे आले आणि त्यांचा जाड बूट माझ्या पायाच्या करंगळीवर पडला. मी कळवळले. बोलणं न थांबवता ते चटकन वाकले, हात माझ्या पायाच्या दिशेने नेला, तोच हात स्वतःच्या छातीला लावला आणि सरळ होत म्हणाले, "तर हा शंभर टक्के आधार आहे."

त्यांचा हात अजून छातीवरच होता. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मागून त्यांची निळ्या बुटांची मुलगी ओरडली, "बाबा, तुम्ही बाद!"

आणि ती पोट धरून हसायला लागली. त्या हसण्यात तिची स्वतःची पुण्याची फेरी जाणार होती, आणि ते तिला कळत नव्हतं असं नाही, कारण हसता हसता तिने डोळे पुसले. पण हसायची ती थांबली नाही. मग टेंपोवाले दादा हसले, मुख्य पंच हसला, आणि सरतेशेवटी ते गृहस्थही कानापर्यंत लाल होऊन हसले. "घेतो बाबा हरकत मागे," म्हणाले आणि मोबाईल खिशात टाकला.

"वेळ कायम," मुख्य पंच म्हणाला. "आणि मॅडम, तुम्ही दोरीच्या बाहेर."

मी निमूट बाहेर झाले. पोरगी अजून तिथेच उभी होती. सगळे का हसताहेत तेच तिला समजेना. तिने माझी बाही ओढली.

"बाई, म्हंजे मी हाय का?"

"हायेस गं बाय, हायेस!" मी कुडत्यातली शिट्टी ओढून काढली आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावून वाजवली. सगळं मैदान वळून बघायला लागलं. मुख्य पंचाने माझ्याकडे डोळे वटारले. मी आणखी एकदा वाजवली.