फितूर, माझ्या तोंडचा

सरकारी वकिलाला पेढे कुणी देत नाही. समोरच्या वकिलाचा माणूस सुटला की बाहेर पॅसेजमध्ये मिठ्या, चहा, घरी फोन. आरोपीला शिक्षा झाली तर मी आपली पुढची फाईल उघडते. लोकांना वाटतं, आम्ही फिर्यादीचे वकील. तसं नाही. आम्ही राज्याचे, म्हणजे समोर बसलेल्या कुणाचेच नाही.

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आमच्यातला एक जण उभा राहतो. त्याच्या वर वरिष्ठ, त्यांच्या वर संचालनालय. तपास पोलिसांनी करायचा, कोर्टात मांडायचा आम्ही. आम्ही पोलिसांच्या हाताखाली नाही. ही सोय कायद्यात मुद्दाम केलेली आहे, सत्य सांगायला भीती वाटू नये म्हणून. पण आरोपी सुटला की अभिप्राय आम्हीच वर पाठवायचा: का सुटला, अपील करावं का. तपास कच्चा होता असं लिहिलं की पोलिस ठाण्याशी बिघडतं. आपली तयारी कमी पडली, असं लिहिणारा मी अजून पाहिलेला नाही. ‘साक्षीदार फितूर’ लिहिलं की वरून एकही प्रश्न येत नाही.

पूर्व उपनगरातल्या एका कोर्टात होते तेव्हाची गोष्ट. भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीतली मारामारी. रिक्षा लावण्यावरून भांडण, आणि रिक्षावाल्याच्या डोक्यात मागून सळई घातलेली. मागून, त्यामुळे कुणी मारलं हे त्याला सांगता येईना. साक्षीला एकच माणूस आलं, त्याची शेजारीण. मालवणकडची, माझ्याच वयाची. सकाळपासून ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मी दोनदा तिच्यासमोरून गेले, बोलले नाही. माझ्याकडे त्या दिवशी दोन कोर्टं होती.

पिंजऱ्यात ती पुटपुटायला लागली. मी म्हटलं, "बाई, मोठ्यानं बोला. साहेबांना ऐकू जात नाही."

"मारताना बघूक नाय मी," ती म्हणाली. "आवाज झालो म्हणून दार उघडलं. हा खाली पडलेला आणि ह्याच्या हातात सळई." तिनं आरोपीकडे बोट केलं.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबात होतं, ‘मारताना मी समक्ष पाहिले.’ हे वाक्य मी इतक्या जबाबांत वाचलंय की ते लिहिणाऱ्याचं असतं, सांगणाऱ्याचं नसतं, हे मला ठाऊक होतं. ती खरं बोलत होती. आणि ते पुरेसंही होतं. फक्त विचारायला हवं होतं, तिथं आणखी कुणी होतं का? प्रश्न माझ्या जिभेवर होता. पण तो विचारणं म्हणजे तिचं खरं धरणं, आणि मग जबाब खोटा लिहिल्याचं उघड झालं असतं. तपास अधिकारी मागेच उभे. दुसऱ्या कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झालेला. ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारा पैरवीचा हवालदार कानाशी म्हणाला, "मॅडम, बाई फुटली."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "साक्षीदार फितूर झाली आहे. उलटतपासाची परवानगी मिळावी."

चौथीच्या इतिहासात किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याला हा शब्द असतो. तिला तो बरोबर कळला.

"मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

आरोपीचे वकील हसले. मी म्हटलं, "विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. आरोपीला वाचवायला तुम्ही खोटं सांगताय, हे खरं आहे का?"

"नाय."

मागच्या बाकावर रिक्षावाला आणि त्याची बायको ऐकत होते.

आरोपी सुटला. मी अभिप्राय लिहिला, एका ओळीचा.

काही आठवड्यांनी ती ऑफिसात आली. बसायला सांगितलं तरी उभीच. "शेजारीण दार लावून घेता माका बघून," म्हणाली. "हळदीकुंकवाक नाय बोलावल्यान. तुम्ही एकदा येऊन सांगा, मी फितूर नाय म्हणून. तुमचा ऐकतील."

मी म्हटलं, "सरकारी वकिलाला साक्षीदाराच्या घरी जाता येत नाही."

"बरा," म्हणाली, आणि गेली. खटला संपला होता. मला जायला कुणाचीही बंदी नव्हती.

यंदा मला कावीळ झाली. मुलुंडच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी पडून होते, आणि समोरच्या दारात कुणाला पत्ता नव्हता. त्यांचा काय दोष? ते दार मी कधी वाजवलंच नव्हतं. तिचं तसं नव्हतं. तिला दारं होती. ती मी बंद केली.

बरी झाल्यावर एका रविवारी डोंगर चढले. तिच्या खोलीत दुसरंच कुटुंब होतं. शेजारी रिक्षावाल्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं: ती खरं बोलली होती, मला तेव्हाच कळलं होतं.

तो म्हणाला, "तिनं सांगितलं होतं आम्हाला, कितीतरी वेळा. मी म्हटलं, सरकारी वकील कशाला खोटं बोलेल?"

त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. "गावाला गेली ती, भावाकडे," म्हणाली. "इथं कुणाशी बोलायची?"

त्यानं मोबाईल काढला, तिचा नंबर लावून माझ्या हातात दिला. हे मी गृहीत धरलं नव्हतं. 

"कोण?"

मी कोण ते सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

"परत साक्ष आसा काय?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही फितूर नव्हतात." मी पुटपुटल्यासारखं बोलले.

"माका ऐकूक येना नाय," ती म्हणाली. "मोठ्यान बोला."

खोलीत ती दोघं माझ्याकडे बघत होती. दार उघडं होतं, बाहेर नळावर बायका होत्या. मी मोठ्यानं बोलले.