दाराआडून विचारणारी खाला

"कोण गो?"

बेल वाजली की आतून आधी हा प्रश्न यायचा. दाराला भिंग होतं, बाहेर कोण उभं आहे ते तिला स्वच्छ दिसायचं. तरी विचारायचीच. माझी लेक म्हणायची, "इट्स मी, आंटी!" एवढ्यावर दार उघडेल तर शपथ. "आंटी नाय, खाला. आणि आपल्या भाषेत बोल, मग उघडते."

शारजात, अल नहदाच्या टॉवरमध्ये ती आमच्या समोर राहायची. मूळची रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान; त्यांच्यात मावशीला खाला म्हणतात. मी दुबईच्या ऑफिसातून ट्रॅफिक तुडवत येईपर्यंत माझी मीरा शाळेतून येऊन तिच्याकडे थांबायची.

मला तेव्हा एकच घोर होता. मीराला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. साताऱ्याहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला की "हाय आजी, बाय आजी" करून पळायची. आई बिचारी रिकाम्या स्क्रीनकडे बघून हसायची. नात असून तिला नातीशी दोन शब्द बोलता येत नव्हते, हे मला फार लागायचं. मी रागावून पाहिलं, चॉकलेटं देऊन पाहिलं. काही उपयोग नाही.

खालाने शिकवलं काहीच नाही. आत तव्यावर घावणे, बाहेर दप्तर घेतलेली भुकेली मुलगी. तुम्हीच सांगा, इंग्रजी किती वेळ टिकणार? आधी नुसतं "मी". मग "मी आली". शेवटी "खाला, भूक लागलीय, उघड ना गो!"

एका शुक्रवारी आईचा कॉल आला आणि मीराने माझ्या हातातून फोनच ओढला. "आजी, काय करतेस गो? मी सुट्टीत येते, इन्शाल्ला!"

आमच्या आईचं देवदेव, सोवळंओवळं मला ठाऊक. पण आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "ये गं बाळा. इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी मी हे खालाला सांगताना रडले. "यल्ला, चल, घावणा खा, गार होतो," एवढंच ती म्हणाली.

गेल्या वर्षी तिच्या नवऱ्याची नोकरी संपली, व्हिसा संपला, दोघं गावी गेली. तिचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही, आणि फेडावेत असं वाटतही नाही.

परवा मी किल्ली विसरले. मीरा तिच्या बाबांबरोबर घरी होती. बेल वाजवली आणि थकून म्हणाले, "इट्स मी, ओपन द डोअर."

दार उघडेना. भिंगाआड सावली हलली.

"कोण गो?"

मी म्हटलं, "मी आलेय गो. उघड."