टेम्पोचं गळणारं पाणी

त्या उन्हाळ्यात माझ्या टेम्पोच्या रेडिएटरमधलं पाणी सारखं कमी व्हायचं. उल्हासनगरहून फर्निचर भरून बदलापूरला निघालो, की अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी इंजिन तापायचंच. होज पाइप बदलला, रेडिएटरला डाग देऊन भोकं बुजवली, तरी तेच.

एकदा बायको सोबत होती. तिथंच गाडी बंद करून मी खाली गळती शोधत होतो.

"अहो, चालू ठेवून बघा की," ती वैतागून म्हणाली.

चालू केल्यावर पंख्यामागच्या वॉटर पंपातून पाणी टपकताना दिसलं. इंजिन निवल्यावर मी पंप खोलला. तोवर तिनं रिक्षानं मागं उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन नवा आणला. तो बसवला, पाणी भरलं. गळती थांबली. पण आनंद व्हायलाही अंगात त्राण नव्हतं.

"बसा जरा," ती म्हणाली. "फर्निचर कुठं पळून जात नाही."