ओळखीच्या चपला

नव्वदच्या दशकात नाशकात भूल द्यायला मी दवाखान्यादवाखान्यांतून फिरायचो. घशात डोकावणारी लवचिक दुर्बीण मागून आणायची, पण जिभेवर बसवायचा प्लास्टिकचा एअरवे माझा स्वतःचा. त्यातून दुर्बीण बरोबर मधोमध सरकते, दातांखाली सापडत नाही. श्वासाची नळी बसल्यावर तो काढता यावा म्हणून मी त्याला ब्लेडने उभी चीर दिली होती. आयुष्य लोकांच्या घशात घालवायचं आणि पेढे सर्जनने खायचे, असा आमचा धंदा.

मखमलाबादकडची एक बाई आली. झेंडूचा मळा होता तिचा. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली कातडी आकसून हनुवटी छातीला चिकटली होती. मान सोडवायची, तर आधी श्वासाची नळी बसायला हवी. ती नाही बसली, तर बाई तशीच घरी जाणार किंवा टेबलावरच जाणार. मला भीती वाटत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माझ्या चपलांशीच बोलली. "लय भ्या वाटतं. उद्या तुम्हीच असाल ना?"

"मीच असेन."

थिएटरमध्ये तिला बसतं ठेवलं होतं. जागेपणीच नळी घालणं बरं, म्हणून घशात फवारा मारला, तर तिने हात झटकला. मग गॅसने झोपवायचं ठरवलं. तिने मास्कही ढकलला.

"तुम्ही ते नाय. ते डाक्टर कुठं हायेत?"

मी जाम वैतागलो. मग तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. खाली सगळ्यांच्या पायांत थिएटरच्या त्याच हिरव्या स्लीपर. मी बाहेर गेलो, माझ्या झिजलेल्या चपला स्पिरिटने पुसल्या आणि घालून आत आलो. सिस्टर कडाडल्या, "सर, हे थिएटर आहे!"

"हां, आलं बया," म्हणत बाईने मास्क स्वतःच तोंडाशी धरला.

झोप लागली, पण श्वास तिचा तीच घेत होती. सिस्टरांनी रागातच जबडा पुढे ओढून धरला. एअरवे बसवला, दुर्बीण सोडली. समोर स्वरयंत्र उघडमीट करत होतं. नळी आत सरकली. मी एअरवे काढला आणि सर्जनला म्हणालो, "करा सुरू."

काही महिन्यांनी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात समोरून आली. माझ्या पायांत नवे बूट होते. तिने सवयीने ते पाहिले आणि पुढे निघाली.

"बाई, मान कशी आहे?" मी विचारलं.

ती थांबली. पुन्हा बुटांकडे पाहिलं. मग हळूच मान वर केली.