सातपैकी सहा

सुधा खोटं बोलायची. सहावीपासून.

तेव्हा आम्ही दोघी एकाच वर्गात. डेस्कचं झाकण तिच्या बोटांवर पडलं होतं. नख काळंनिळं.

सिस्टरनी विचारलं, "डझ इट हर्ट, चाइल्ड?"
"नो, सिस्टर."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये न रडणाऱ्या मुलीचं फार कौतुक व्हायचं.

मी उभी राहिले. "तिला खूप दुखतंय, सिस्टर."

बर्फ मिळाला. पण घरी जाताना सुधा गप्प. धामणकर नाक्यावर एकच शब्द बोलली.

"चोमडी."

मग दोन दिवस अबोला.

पुढे ती गणिताची बाई झाली. टेमघरमधली कितीतरी मुलं तिच्या लाल पेनाला घाबरून मोठी झाली.

यंदा तिचा कॅन्सर हाडांत पोहोचला, आणि मी तिच्याकडे राहायला आले. डॉक्टर म्हणाले, आता बरं करणं हातात नाही, त्रास कमी करणं आहे.

दर बुधवारी नर्स मनीषा घरी यायची. शहापूरकडच्या गावातली, हसरी. हातात एक फॉर्म. झोप, भूक, वेदना. शेवटी, गेला आठवडा एकूण कसा गेला? एक ते सात, सात म्हणजे उत्तम.

ती उत्तरं बघून डॉक्टर मॉर्फिनचा डोस ठरवायचे.

"वेदना, बाई?"
"अजिबात नाही."

मुठीत चादर चुरगळलेली.

तीन बुधवार हेच. आणि तीन बुधवार मीही गप्प. तिने पुन्हा अबोला धरला तर? आता तेवढे दिवस कुठे होते?

चौथ्या बुधवारी मी उभी राहिले.

"'खूप' लिही, मनीषा. काल अंघोळ घालताना किंचाळली ती."

मनीषाने पेन खाली ठेवलं. "बाई, हा परीक्षेचा पेपर न्हाय. यात कोन नापास होत न्हाय. दुखत हाय ना?"

सुधाने मुठीतली चादर सोडली.

"दुखतं गं. खूप दुखतं."

मग माझ्याकडे वळली. "चोमडी."

डोस वाढला. पुढच्या बुधवारी ती खिडकीशी बसली होती. बाहेर पॉवरलूमची खडखड, हातात चहाचा कप. शाळेतल्या सिस्टरच्या चालण्याची नक्कल तिने खुर्चीत बसूनच केली. मी हसून हसून रडले.

"आठवडा कसा गेला, बाई?"
"सहा."

मी विचारलं, "एक मार्क कुठे कापलास?"
"पैकीच्या पैकी मी कधी कुणाला दिलेत?"

असे पाच बुधवार मिळाले.

आज तिचा तेरावा. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते.

लाल पेनांचा डबा शाळेतल्या नव्या गणिताच्या बाईंना.

निळी इरकल मनीषाला. "नेस म्हणावं, कपाटात ठेवू नकोस."

खिडकीतली खुर्ची शेजारच्या शबानाआपाच्या सासूबाईंना. "त्यांचे गुडघे दुखतात. सांगत नाहीत."

"आणि मला गं?"

"तुला काय द्यायचं? चोमडी तू. घरात कुणी दुखणं लपवत असेल तर सांगून टाका, एवढं सगळ्यांना सांग."

सांगितलं गं, सुधा.

नीट जा.