अन, इन आणि भाऊसाहेबांचा डावा डोळा

इंग्रजीचा पहिला मार मी पाचवीत खाल्ला. लोणी काळभोरच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर हॅपी लिहिलं आणि माझ्याकडे बोट करून त्याचा उलटा शब्द विचारला. मी म्हणालो, "नॉट हॅपी." आजही मला त्यात चूक दिसत नाही. पण मास्तरांना अनहॅपी पाहिजे होतं. त्यांनी माझी बोटं बाकावर पालथी ठेवायला लावली आणि लाकडी पट्टीची धार हाडांवर मारली. दर फटक्याला म्हणायचे, "अन! अन! अन!" सहाव्या की सातव्या फटक्याला मी त्यांच्या मनगटाला असा चावलो की रक्ताची चव तोंडात आली. घरी वडिलांनी कासऱ्यानं पाठ सोलली आणि दुसऱ्या दिवशी लोहाराकडे भाता ओढायला बसवलं. शाळा तिथंच संपली. मास्तरांना चावलो याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं कुठं मला वाईट वाटलेलं दिसलं, तर ते याचं नाही.

पुढं हडपसरच्या बाजूला एका फोर्जिंगच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि म्हातारा होईपर्यंत तिथंच राहिलो. लालभडक तुकडा चिमट्यानं साच्यावर धरायचा, वरून हॅमर येतो, जमीन हादरते, ठिणग्या अंगावर उडतात. माझ्या हातांवर केस उगवत नाहीत ते त्यामुळं. मला सगळे मिस्त्री म्हणायचे. कामात मला कुणी बोट दाखवलेलं नाही आणि दाखवलं असतं तर ते बोट त्याच्याकडे राहिलं नसतं.

तिथं स्टोअरला एक क्लार्क होते. पुण्यातल्या जुन्या पेठेतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला एक पेन आणि एक पेन्सिल. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. आलेला माल ते रजिस्टरमध्ये पेननं लिहायचे, अजून यायचा आहे तो पेन्सिलीनं. एकदा मी विचारलं, "हे दोन दोन कशाला?" तर म्हणाले, "जे नक्की झालेलं नाही ते खोडता आलं पाहिजे. आपल्याला लिहायचंच नसतं, त्यामुळं आपण सुखी."

असं बोलायचे. शिवी कधी नाही, आवाज कधी चढवला नाही, कायम अहो आणि आपण. आणि रोज सकाळी मला बघून, "या युजलेसराव, झाला का चहा?" तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की युजलेस म्हणजे कुचकामी. हॅमरवरची पोरं हसायची. एकाचं मी त्यासाठी नाक फोडलंय. भाऊसाहेबांना मात्र हात लावला नव्हता, त्याला कारण होतं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं हॅमरखाली गेली तेव्हा सगळे लांब सरकले. भाऊसाहेबांनी साच्यावरून ती बोटं उचलली, रुमालात बांधली आणि मला रिक्षात घातलं. इस्त्रीचा शर्ट माझ्या रक्तानं भिजून काळा पडला होता. मी शुद्धीत राहावं म्हणून ते सारखे बोलत होते. म्हणाले, "चला मिस्त्री, दहापर्यंत मोजायची आपली अडचण कायमची मिटली." मी तशातही त्यांना शिवी दिली. बोटं जोडली गेली नाहीत ते सोडा.

इंग्रजीवरून मी अजून एकाला मारलं, माझ्या पोराला. दहावीत तो त्या एका विषयात नापास झाला. निकालाचा कागद त्याच्या हातात असतानाच मी कानाखाली दिली. हॅमरवरचा हात तो. पडदा फाटला. आता त्याची चाळिशी उलटली, पण डाव्या बाजूनं बोललेलं त्याला ऐकू येत नाही. कुणी बोलायला लागलं की उजवा कान पुढं करतो. तो मला त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मीही नाही.

त्याची बायको, माझी सून, मात्र इंग्रजीत एम.ए. आहे. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत ती संध्याकाळी शिकवण्या घेते. माझी खुर्ची त्याच खोलीत. ती म्हणाली होती, "आबा, मुलं आहेत तोवर आत बसता का?" मी म्हणालो, "खुर्ची माझी हाय. पोरं आत बसव." मग ती तिथंच शिकवायला लागली आणि मी ऐकत बसलो.

एका आठवड्यात तिनं शब्दांच्या पुढं आणि मागं लावायचे तुकडे शिकवायला घेतले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इंग्रजी म्हणजे फोर्जिंग आहे. मधे एक सळई. तिला पुढून एक तुकडा ठोकायचा, मागून एक तुकडा ठोकायचा, की नवी वस्तू तयार. पुढं अन ठोकला की अर्थ उलटा, डिस ठोकला की उलटा, इन ठोकला की उलटा. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. मागं फुल लावलं की भरलेलं, लेस लावलं की रिकामं. वॉशला एबल लावलं की धुता येण्यासारखं. युजलेस ऐकलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. युज म्हणजे उपयोग, लेस म्हणजे नाही. इतकी वर्षं तो शब्द मी अख्खाच्या अख्खा गिळत होतो, आता त्याची हाडं दिसली. मास्तरांनी अन माझ्या बोटांवर मारला त्याऐवजी असा फोडून दाखवला असता तर माझं काय झालं असतं, असंही मनात आलं.

मी पेपरातल्या जाहिराती फोडायला लागलो, दुकानांच्या पाट्या फोडायला लागलो. कॅपिटल अक्षरं मला साच्यांवर वाचून येतच होती.

त्याच महिन्यात वर्कशॉपमधून मला निरोप दिला. शनिवारी दुपारी मशिनं बंद केली, सतरंजी टाकली, सामोसे आणले. धाकट्या शेठनी शाल दिली आणि एक सन्मानचिन्ह. जाड शिसवी फळी, वर पितळेचा पत्रा, पत्र्यावर इंग्रजी. तो मजकूर भाऊसाहेबांनी लिहिला होता. त्यांनीच तो उभं राहून वाचला. कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फळी माझ्या हातात आली आणि मी एकेक अक्षर लावायला लागलो.

भाऊसाहेब शेजारी आले. "वाचा, वाचा मिस्त्री. युजलेसरावांना वाचायला आलं तर मी पेढे वाटीन."

माझं नाव लागलं. सर्व्हिस लागलं. त्याच्या आधी एक लांब शब्द होता. मी तो फोडला. पुढं इन. मागं एबल. मधे व्हॅल्यू, म्हणजे किंमत, भंगारवाल्याशी बोलताना शेठ रोज वापरायचे तो शब्द. इन म्हणजे नाही. किंमत करण्यासारखा नाही. इनव्हॅल्युएबल. सगळं आयुष्य हॅमरखाली घातलं आणि यानं पितळेवर कोरून ठेवलं की हा माणूस बिनकिमतीचा आहे, आणि वर टाळ्या वाजवून घेतल्या.

भाऊसाहेब हसत होते. मी फळी दोन्ही हातांत धरून आडवी मारली.

पितळेचा कोपरा डाव्या भुवईवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. ते सामोशांच्या टेबलावर पडले, टेबल उलटलं, चष्म्याची काच गालात घुसली होती. मी त्यांच्या छातीवर बसून एक बुक्की मारली. दुसरी मारणार तेवढ्यात चौघांनी मला ओढलं. भाऊसाहेबांनी हात वर केला नव्हता. रक्तानं भरलेल्या डोळ्यानं ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "का हो?" एवढंच.

हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलं. मला चौकीत बसवून ठेवलं. हवालदार तरुण होता, म्हणाला, "आजोबा, या वयात आत जायचंय का? डोळा गेला तर सरळ येरवडा." मी म्हणालो, "जातो की." पण भाऊसाहेबांनी निरोप पाठवला होता, पट्टी निघेपर्यंत जबाब देणार नाही, आणि त्याआधी मिस्त्रींनी स्वतः येऊन कारण सांगावं. तेव्हा पोलिसांनी बोलावलं की यायचं या बोलीवर सोडलं.

घरी पोरानं ती फळी आणली होती. अक्षरांच्या खाचांत रक्त वाळलं होतं. सुनेनं विचारलं, "आबा, का मारलंत?"

"मला बिनकिमतीचा म्हणाला. वाच की. तूच शिकवलंस."

तिनं वाचलं आणि खाली बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "आबा, अमूल्य म्हणजे काय?"

"लय मोलाचं."

"त्यातला अ म्हणजे?"

"नाही."

"आणि मूल्य?"

"किंमत."

"मग अमूल्य म्हणजे किंमत नसलेलं का नाही?"

मी हातातला पितळी तांब्या भिंतीवर फेकला. पोपडा उडाला. "मराठीत येगळं, इंग्रजीत येगळं!"

"सारखंच आहे, आबा. ज्याची किंमत करताच येत नाही, इतकं मोठं. फोडलात तुम्ही बरोबर. हा शब्द मी मुलांना पुढच्या आठवड्यात शिकवणार होते."

आठ दिवस मी कुणाशी बोललो नाही. चुकलो हे शब्द मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नाहीत, बापाला नाही, बायकोला ती जाईपर्यंत नाही. तुरुंगात जाणं मला सोपं वाटत होतं. पण डोळे मिटले की ते "का हो?" ऐकू यायचं. पोराच्या कानाचा पडदा फाटला तेव्हा तोही असाच माझ्याकडे बघत होता. नवव्या दिवशी बस पकडली आणि पेठेत गेलो.

दार भाऊसाहेबांनीच उघडलं. डोळ्यावर पट्टी, गालावर टाके. माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "या. आज काय आणलंय?"

मी खुर्चीच्या कडेला बसलो. ते म्हणाले, "पट्टी काल काढून बघितली. उजेड कळतो, माणूस कळत नाही. डॉक्टर म्हणतात एवढंच राहील. आता कारण सांगा."

"तो शब्द..." मी म्हणालो.

"कुठला?"

"इनव्हॅल्युएबल."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "फोडून दाखवा."

"इन, नाही. व्हॅल्यू, किंमत. एबल, करता येण्यासारखं."

"म्हणजे?"

"मी बिनकिमतीचा समजलो." मी म्हणालो. "तसं नाही. सून म्हणली, मोल करता येत नाही असा."

"दोन दिवस लागले मला तो शब्द ठरवायला. शेठ म्हणाले, लॉयल लिहा. मी म्हटलं, लॉयल कुत्र्यालाही म्हणतात, मिस्त्रींना नको. शब्दकोश काढला. आणि तुम्ही तो शब्द माझ्याच डोळ्यात घातलात."

"तुमी रोज युजलेस म्हणायचा."

"म्हणायचो." त्यांनी पट्टी चाचपली. "ते चुकलंच माझं."

ज्याचा डोळा गेला तो माणूस चुकलं म्हणाला, आणि मी बसून राहिलो. शेवटी म्हणालो, "भाऊसाहेब, मी चुकलो." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी मान हलवली नाही. "जबाबात लिहीन, सन्मानचिन्ह हातातून निसटलं. त्याचा दुसरा अर्थ लावू नका. म्हाताऱ्याला तुरुंगात पाठवून माझा डोळा येणार नाही." मग एक कागद घेतला, नाकाजवळ धरून त्यावर कॅपिटलमध्ये काहीतरी लिहिलं आणि घडी करून दिला. "घरी जाऊन फोडा. इथं नको, माझा एकच डोळा उरलाय."

बसमध्ये मी घडी उघडली. एकच शब्द होता. पुढं अन. मागं एबल. मधला तुकडा मला येत नव्हता. घरी पोचलो तेव्हा सून शिकवणीत होती, म्हणून पोराला विचारलं. "फर्गिव्ह म्हणजे काय रे?"

त्यानं उजवा कान पुढं केला. "काय?"

"फर्गिव्ह!" मी ओरडलो. शिकवणीची पोरं गप्प झाली. "फर्गिव्ह म्हणजे काय?"

"माफ करणं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.

म्हणजे माफ करता येण्यासारखं नाही. मी कागद त्याच्यासमोर धरला. त्यानं दिव्याखाली तिरका करून बघितला आणि म्हणाला, "बाबा, पुढची दोन अक्षरं पेन्सिलीनं लिहिलीत."

खरंच. मधला आणि मागचा तुकडा पेननं, अन तेवढा पेन्सिलीनं. शिकवणीच्या डब्यात खोडरबर पडलेलं असतं. मी एकदा उचललंही, आणि परत ठेवलं. रजिस्टर त्यांचं, खोडायचं तर त्यांनी.

आता दर गुरुवारी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जातो. डाव्या बाजूला मी चालतो, कारण त्या बाजूनं त्यांना येणारी गाडी दिसत नाही. परवा रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "कागद आहे का जवळ?"

मी खिशातून काढून दिला. त्यांनी चांगल्या डोळ्यासमोर धरला, पेन्सिलीच्या अक्षरांवर अंगठा ठेवला, घासला नाही.

"राहू द्या अजून," म्हणाले आणि घडी करून परत माझ्या खिशात ठेवला.